पदर, वर्गणी आणि करार : १९५२ चा एक उन्हाळा

कलावंताच्या किंवा मल्लाच्या हाती पडणाऱ्या पैशासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कीर्तनकाराला बिदागी मिळते, शाहिराला इनाम मिळते, मल्लाला खुराक मिळतो, वक्त्याला मानधन मिळते. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : देणाराचा हात वर आणि घेणाराचा खाली. 'पगार' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो काम आणि मोबदला यांखेरीज काही सांगत नाही. म्हणूनच की काय, खेळाडूच्या संदर्भात तो उच्चारताना आपली जीभ अडखळते. 'हौशी' या शब्दाभोवती आपण सात्त्विकतेचे वलय उभे केले आणि 'व्यावसायिक' या शब्दाला थोडासा बाजारी वास चिकटू दिला. परदेशी क्लबांचे पगारी खेळाडू झालेल्या आपल्याकडील काही क्रिकेटपटूंचा इतिहास या शब्दविचाराच्या अंगाने तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

आम्ही ज्या माळशिरस तालुक्यातून हे लिहीत आहोत, तेथे क्रिकेटपेक्षा कुस्तीचा मान मोठा. अकलूजच्या कुस्त्या सर्वांना ठाऊक आहेत. पण लहान गावांच्या जत्रांतही आखाडा होतोच. आश्रय म्हणजे काय हे या भागाला नव्याने सांगावे लागत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना पदरी ठेवले, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभारले. 'पदरी असणे' हा वाक्प्रचार त्या व्यवस्थेचे नेमके वर्णन करतो. पदर मायेचा असतो, पण तो ज्याचा असतो त्याने आवरून घेतला की आश्रित उघडा पडतो.

क्रिकेटही याच पदराखाली वाढले. विजय हजारे यांचा जन्म १९१५ मध्ये सांगलीत, एका शिक्षकाच्या ख्रिस्ती मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची. देवासच्या संस्थानिकांनी त्यांचे गुण हेरले आणि ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना मिळवून दिले. पुढे बडोदा संस्थानाने त्यांना आश्रय दिला. १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह त्यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी बडोद्यासाठीच होती. १९४८ च्या जानेवारीत अॅडलेड येथे एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके केली, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. पण उदरनिर्वाहाच्या दृष्टीने पाहता जगप्रसिद्ध हजारे आणि कोल्हापूरच्या तालमीतील एखादा मल्ल यांच्यात फारसे अंतर नव्हते. दोघेही कुणाच्या तरी मर्जीवर होते.

आणि नेमक्या याच सुमारास संस्थाने विलीन झाली. १९४९ च्या वसंतापर्यंत कोल्हापूर आणि बडोदा ही दोन्ही राज्ये मुंबई प्रांतात सामील झाली होती. लोकशाहीच्या दृष्टीने ही घटना इष्टच होती. पण पदर गेला आणि त्याच्या जागी काय येणार, याचे उत्तर खेळाडूंना कुणी दिले नाही.

त्याच काळात हजारे इंग्लंडमधील रॉटनस्टॉल या गावच्या क्लबकडून खेळू लागले. पुढे रॉयटनच्या क्लबकडूनही ते खेळले. ही गावे लँकेशायरच्या कापडपट्ट्यातील होत. १८७७ मध्ये ज्या सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, त्या जिल्ह्याच्या वाचकाला त्यांचे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल : गिरणीची धुराडी, भोंग्यावर बांधलेला दिवस आणि आठवड्याच्या शेवटी मोकळा होणारा कामगार. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या लँकेशायर लीगमध्ये अशा गावांचे चौदा क्लब होते. प्रत्येक संघात पगारी खेळाडू एकच. उरलेले दहा गावातले. कुणी गिरणीतला, कुणी दुकानातला. सामने मुख्यतः शनिवारी होत. पगारी खेळाडूने फलंदाजी करायची, गोलंदाजी करायची आणि गावच्या पोरांना शिकवायचेही. त्याने अर्धशतक केले किंवा बरेच बळी घेतले की प्रेक्षकांत पैसे गोळा करून त्याला देण्याची प्रथा होती. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नऊ हंगाम नेल्सनकडे होते आणि लाला अमरनाथ हेही १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथेच खेळले. म्हणजे ज्यांना आपापल्या देशात गोऱ्यांच्या क्लबची पायरी चढणे कठीण होते, त्यांना त्याच साम्राज्याच्या एका गिरणगावाने करारपत्रावर सही करून बोलावले होते.

करार झाला की दोन्ही पक्ष बांधले जातात. क्लब पैसे देण्यास बांधील, खेळाडू खेळण्यास बांधील. यात माया नाही, पण मर्जीही नाही. खेळाडूला आपल्या कसबाची किंमत स्वतः ठरविता येते, ही गोष्ट आपल्याकडे नवी होती, आणि तिची कसोटी १९५२ च्या उन्हाळ्यात लागली.

त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. कर्णधार हजारे होते. सामन्यात बारा बळी घेणारे होते विनू मांकड, जामनगरचे आणि मुंबईकडूनही रणजी खेळलेले. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला जाणार होता. त्याच वेळी रॉटनस्टॉलच्या शेजारच्या हॅसलिंग्डन क्लबकडून मांकड यांना हंगामाचे बोलावणे आले. त्यांनी मंडळाला एवढेच विचारले, की माझी निवड नक्की समजू काय? तशी हमी देण्यास मंडळाने नकार दिला. मांकड यांनी हॅसलिंग्डनशी करार केला आणि संघ त्यांच्यावाचून निघाला.

५ जून रोजी लीड्स येथे पहिली कसोटी सुरू झाली. इंग्लंडचे नेतृत्व लेन हटन यांच्याकडे होते. नियमित कर्णधार म्हणून पगारी खेळाडूची नेमणूक करण्याची विसाव्या शतकातील इंग्लंडची ती पहिलीच वेळ. 'जंटलमन' आणि 'प्लेअर' हा भेद ज्या देशाने काटेकोरपणे जपला, त्या देशाने पगारी माणसाला कर्णधार केले. आणि ज्या देशात तो भेद मुळचा नव्हता, त्याचा सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू पगारी झाला म्हणून बाहेर राहिला. पहिल्या डावात विसाव्या वर्षीच्या विजय मांजरेकरांनी १३३ आणि हजारे यांनी ८९ धावा करून संघ सावरला होता. पण ७ जूनला दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर एकामागून एक परतले, तेव्हा फलकावर शून्य धावांना चार बळी असे आकडे होते. तो शनिवार होता, म्हणजे लँकेशायर लीगचाही दिवस. ज्या खेळाडूची उणीव भासत होती, तो पेनाइन टेकड्यांच्या पलीकडच्या गावाशी करारबद्ध होता. आणि ही पडझड ज्यांना सावरावी लागली, ते कर्णधार हजारे स्वतः त्याच दरीतल्या क्लबचे माजी नोकर होते.

या पराभवानंतर हॅसलिंग्डनकडे विनंती गेली. क्लबने उरलेल्या तीन कसोटींसाठी मांकड यांना मोकळे केले. १९ जूनला लॉर्ड्सवर ते सलामीला आले आणि त्यांनी ७२ धावा केल्या. मग इंग्लंडच्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत पाच बळी घेतले. दुसऱ्या डावात १८४ धावा केल्या, आणि पुन्हा २४ षटके टाकली. भारत हा सामना आठ गडी राखून हरला, मालिकाही हरला. तरीही तो सामना मांकडांच्या नावानेच ओळखला जातो.

ही कथा आपल्याकडे बहुधा 'देशाच्या हाकेला धावून गेलेला वीर' या साच्यात सांगितली जाते. हा साचा आम्हांस अपुरा वाटतो. हाक देण्यापूर्वी देशाने दार लावून घेतले होते, हे त्यात झाकले जाते. आणि हक्काचा माणूस ऐन हंगामात सोडणारे गिरणगाव त्यात कुठेच दिसत नाही. 'मांकडांनी देशापेक्षा पैसा मोठा मानला' हा आक्षेपही टिकणारा नाही. ज्याच्यापुढे उद्याच्या भाकरीचा प्रश्न आहे, त्याने निश्चित वचन मागणे हा लोभ नव्हे. वचन हॅसलिंग्डनने दिले, मंडळाने दिले नाही. एवढाच त्या निवडीचा अर्थ आहे.

याच उन्हाळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या मातीच्या अधिक जवळची आहे. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. १९४८ मध्ये लंडनला जाण्यासाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य झाले होते. चार वर्षांनंतर संस्थान उरले नव्हते. तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या ठरवून ते कर्ज फेडण्यास हातभार लावला. वर्गणीत जे प्रेम आहे ते करारात नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु प्रेमाने एका प्रवासाचे भाडे निघते, आयुष्य निघत नाही. पुढे पोलिसांत नोकरी करून खाशाबा १९८४ मध्ये वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर मिळाला.

करार नसला की काय होते, याचा आणखी एक दाखला मुंबईच्या सुभाष गुप्ते यांचा आहे. तेही लँकेशायरमध्ये रिश्टनकडून खेळले. ३६ कसोटींत १४९ बळी घेणारा हा लेगस्पिनर १९६१ च्या दिल्ली कसोटीनंतर भारताकडून पुन्हा खेळला नाही. हॉटेलच्या खोलीतील सोबत्याने स्वागतिकेला केलेल्या दूरध्वनीची तक्रार झाली, आणि त्या दूरध्वनीशी संबंध नसलेल्या गुप्ते यांच्यावरही कारवाई झाली. देशाने दिलेली टोपी ही जोवर केवळ कृपा असते, तोवर ती काढून घेताना कारण देण्याचे बंधन नसते. गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ मध्ये तेथेच वारले.

क्लब आणि देश यांचा हा झगडा अटळ नाही, हे फुटबॉलने दाखविले आहे. मेक्सिकोचा मध्यरक्षक आंद्रेस ग्वार्दादो २००७ ते २०२४ या काळात स्पेन, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील क्लबांकडून खेळला, आणि मेक्सिकोसाठी पाच विश्वचषकांतही उतरला. ठरलेल्या तारखांना क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे, असा जागतिक नियम तेथे आहे. विश्वचषकाच्या काळासाठी क्लबांना भरपाईही मिळते. कुणाला कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत.

आपल्याकडे आज क्रिकेटपटूंना मंडळाचे करार आहेत आणि लिलावात कोट्यवधींची बोली लागते. मात्र परदेशांतील वीस षटकांच्या लीगमध्ये खेळायचे, तर पुरुष खेळाडूला भारतीय क्रिकेटमधून आधी निवृत्त व्हावे लागते. पदर गेला, पैसा आला, पण मर्जी पुरती गेलेली नाही. आणि जत्रेतला मल्ल अजूनही इनामावरच अवलंबून आहे. त्याच्यासाठी 'पगार' हा शब्द आपण संकोचाविना वापरू लागू, तेव्हा हॅसलिंग्डनने १९५२ मध्ये जे साधेपणाने केले, ते आपल्यालाही जमू लागले असे म्हणता येईल.