उसने रॉकेट, आपली जागा

यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा मंडळाचा आग्रह झाला. मी डिप्लोमावाला रेल्वे अभियंता. भिलाई मार्शलिंग यार्डापलीकडचे विषय सहसा सुचत नाहीत. पण रूळ टाकण्याआधी जागेचा सर्व्हे करावा लागतो, एवढे मला ठाऊक आहे. भारताचा अवकाश कार्यक्रमही जागेच्या शोधानेच सुरू झाला आणि त्या शोधात कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते.

1962 साली डॉ. विक्रम साराभाईंच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय समिती नेमली गेली. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतप्रवाहांच्या अभ्यासासाठी चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. केरळच्या किनाऱ्यावरचे थुंबा निवडले गेले. मच्छीमारांनी जागा दिली, गावचे चर्च कार्यालय झाले. 21 नोव्हेंबर 1963 रोजी पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे, आतले उपकरण फ्रान्सचे! ऐन वेळी क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली, तेव्हा आपल्या माणसांनी रॉकेट हातांनी उचलून बसवले. यार्डातल्या मंडळींना हे चित्र वेगळे रंगवून सांगायला नको.

पुढे चिटणीसांनीच उपग्रह दूरदर्शनच्या 'साइट' प्रयोगाची धुरा वाहिली. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही दिसला. त्यात आपल्या रायपूर भागातील खेडीही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची अँटेना उभारून सारा गाव एका संचासमोर बसे. माझे एक निवृत्त छत्तीसगढी सहकारी तेव्हा शाळकरी होते. ते सांगतात, एके दिवशी संच जागेवरच होता, पण चित्र येईना. उपग्रह अमेरिकेचा होता. 31 जुलै 1976 रोजी मुदत संपली आणि तो परत गेला.

उसन्या वस्तूचे असेच असते. म्हणूनच 18 जुलै 1980 चे मोल मोठे. त्या दिवशी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. रॉकेट आपले, उपग्रहही आपला. त्यातील घन इंधनामागे पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांची मेहनत होती. 1992 साली देशात बांधलेला पहिला इन्सॅटही आकाशात गेला.

चिटणीस 2025 मध्ये शंभरी पूर्ण करून पुण्यात निवर्तले. चरोद्यात आपणही घरापासून दूर येऊन काम उभे केले आहे. साधने उसनी मिळतात, पण ती परत जाण्याआधी काम शिकून घ्यावे लागते. हा धडा आपल्या मुलांना जरूर सांगावा.