वसईच्या तुरुंगातला वैद्य

वसई म्हटले की इतिहासप्रेमी माणसाला चिमाजी अप्पांची मोहीम आठवते आणि खवय्याला सुकेळी. मला मात्र त्या किल्ल्याच्या नावाबरोबर एक फ्रेंच वैद्य आठवतो. त्याने लढाई जिंकली नाही. आपण जे भोगले ते लिहून ठेवले, इतकेच. परंतु एखाद्या सरकारने धर्माच्या नावाने चालविलेला जुलूम जगाच्या चव्हाट्यावर मांडण्याचे जे काम आज मोठमोठ्या संस्था करतात, ते या वैद्याने एकट्याने केले होते.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे ती त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. त्याचा हात दमण-वसईपर्यंत पोचत असे. हिंदूंच्या जाहीर धर्मकृत्यांना बंदी होती. बाटलेल्याने घरात एखादा जुना विधी चोरून केला तरी त्याची धडगत नसे. आणि जन्माचा कॅथलिकही त्यातून सुटत नसे!

देलों नावाचा हा वैद्य कॅथलिकच होता. तो दमणला वैद्यकी करी. बाप्तिस्म्याविषयी, मूर्तींच्या पूजेविषयी आणि खुद्द इन्क्विझिशनविषयी तो चार शब्द मोकळेपणाने बोलला, म्हणून १६७३ साली त्याला पकडले. गोव्याला नेताना वाटेत त्याला वसईच्या तुरुंगात ठेवले होते. गोव्याच्या कोठडीत त्याची दोन वर्षे गेली. साक्षीदार कोण, हे कैद्याला सांगत नसत. त्याने आपला गुन्हा आपणच आठवून कबूल करायचा! १६७६ साली निकाल लागला: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी. शिवाय पाहिलेले कोणाला सांगणार नाही, अशी शपथही घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी त्याची सुटका झाली, आणि १६८७ साली शपथ मोडून त्याने पुस्तक छापले. दुसऱ्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

इकडे अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या माणसांनी फिरंगी जाचाचे गाऱ्हाणे पेशव्यांकडे नेले. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक लिहून दिली गेली. त्याच मुलखातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे वाचकांना आठवत असेलच.

गोव्यातले न्यायालय मात्र चालूच होते. १८०८ साली कंपनीच्या नोकरीतला बुकॅनन नावाचा पाद्री देलोंचे पुस्तक घेऊन गोव्यात गेला आणि त्याने ते एका इन्क्विझिटरपुढेच ठेवले. कोठड्यांचे, चौकशीचे वर्णन साधारणपणे बरोबर आहे, हे त्या गृहस्थाने मान्य केले. आमच्या हेतूंविषयी मात्र लेखकाने अन्याय केला आहे, असे तो म्हणाला. १८१० च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात गोव्यात सर्व पंथांना मोकळीक देण्याचे कलम आले, आणि १८१२ साली ते न्यायालय कायमचे बंद झाले. पुस्तक छापल्यावर सव्वाशे वर्षांनी!

हा संवाद अजून संपलेला नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अठराव्या कलमाने धर्मस्वातंत्र्य मान्य केले. १९८६ पासून संयुक्त राष्ट्रांचा एक विशेष प्रतिवेदक त्यावर लक्ष ठेवतो. अमेरिकेने १९९८ साली कायदा करून स्वतःचा आयोग नेमला. भारताला 'विशेष चिंतेचा देश' ठरवावे, अशी शिफारस त्या आयोगाने २०२० साली केली आणि पुढेही केली. आपल्या सरकारने ती पक्षपाती म्हणून फेटाळली.

परक्याच्या हेतूंविषयी शंका घेणे गैर नाही. बुकॅनन गोव्यात जाब विचारीत होता तेव्हा त्याच्याच इंग्लंडात कॅथलिकांना पार्लमेंटात बसता येत नव्हते. ती मुभा १८२९ साली मिळाली. इंग्रजांचे मन निर्मळ होते असे कोण म्हणेल? पण म्हणून गोव्यातल्या कोठड्या खोट्या ठरत नाहीत. असा अहवाल कोठूनही येवो, आणि बोट कोणाकडेही, आपल्याकडेसुद्धा, असो. लिहिणाऱ्याचा हेतू तपासण्याआधी मी एकच विचारीन: कोठडी आहे की नाही?