पाचर

मागच्या महिन्यात श्रीरामपूरला थोरल्या काकांकडे गेलो होतो. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण नानांच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि माझ्याही. सवय जाईल हळूहळू.) दारात रिक्षा थांबली तेव्हा ओट्यावर एक मोठं खोकं फोडलेलं, थर्माकोल इकडेतिकडे उडालेला, आणि मध्ये नानांचा नातू बसलेला. त्यानं नवीन मशीन आणलं होतं. पोर्टेबल टेबल सॉ. म्हणजे टेबलाच्या मधोमध गोल करवतीचं पातं वर आलेलं, लाकूड त्याच्यावर ढकलायचं. दोन माणसांनी उचलून टेम्पोत टाकायचं, साइटवर न्यायचं, पाय उघडायचे, काम सुरू.

इतके दिवस त्याचं काम कसं चालायचं ते मी पाहिलेलं आहे. तुम्हीही पाहिलं असेल, घरात फर्निचरचं काम काढलं असेल तर. फरशी कापायचा छोटा कटर प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवायचा, पात्यापुरती फट ठेवायची, खटका चिकटपट्टीनं दाबून कायमचा चालू करून टाकायचा. झालं टेबल! ना वर झाकण, ना मागे काही आधार, आणि बंद करायचं तर वायर उपटायची. त्यामानानं हे नवीन मशीन म्हणजे राजवाडाच. मला बरं वाटलं.

पण पाय जोडले, टेबल सरळ केलं, पातं बसवलं, आणि दोन वस्तू त्यानं उचलून परत खोक्यात टाकल्या. एक पात्यावरचं पारदर्शक झाकण. दुसरी एक वाकडी, पोलादी, चंद्रकोरीसारखी पट्टी.

"अरे, हे राहिलं की."

"नाही काका, ते लावलं की काम हळू होतं. कुणीच लावत नाही."

नाना खुर्चीत बसून बघत होते. काही बोलले नाहीत. त्यांचा डावा हात मांडीवर होता. त्या हाताची तर्जनी मुळापासून नाही आणि मधलं बोट अर्धं आहे.

१९७८ सालची गोष्ट. नाना तेव्हा गावातल्या एका लाकडाच्या वखारीत चक्रीवर काम करायचे. चक्री म्हणजे मोठं गोल पातं, खालून पट्ट्यानं फिरणारं, लोखंडी टेबल जमिनीत गाडलेलं. बाभळीची फळी उभी चिरत होते. निम्म्याच्या पुढे गेल्यावर फळी मागच्या मागे आली, छातीवर बसली आणि हात पुढे गेला. एवढंच ते सांगतात. त्यानंतर एक वाक्य ठरलेलं असतं, "माझीच चूक, लक्ष नव्हतं." वखारवाल्यानं टाक्यांचा खर्च दिला, पंधरा दिवसांचा पगार दिला. नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं हा माणूस ती चूक स्वतःच्या नावावर घेऊन बसला आहे.

मी सुतारकाम शिकलो नाही, पुस्तकं वाचायला शिकलो. म्हणून त्या रात्री ती वाकडी पट्टी घेऊन बसलो.

तिला इंग्रजीत रिव्हिंग नाइफ म्हणतात. मराठीत वेगळा शब्द मी ऐकलेला नाही. ती पात्याच्या मागे, अगदी त्याच रेषेत उभी असते. काम काय? लाकूड उभं चिरताना त्यातला ताण मोकळा होतो आणि चिरलेले दोन भाग पुष्कळदा परत जवळ येऊ बघतात. पात्याचे दात पुढच्या बाजूला खाली जातात, म्हणून तिथे ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूला तेच दात वर येतात. चीर मिटून लाकूड त्या मागच्या दातांत अडकलं, की दात ते उचलतात आणि थेट माणसाच्या अंगावर फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास येतो. फळी त्या वेगानं निघाली की माणसाला कळायच्या आत सगळं होतं. आणि ती फळी पुढे ढकलणारा हात, आधारच नाहीसा झाल्यामुळे, तोल जाऊन पात्यावर पडतो. नाना "हात पुढे गेला" म्हणतात, तो असा गेला.

पट्टी चीर मिटू देत नाही. बस्स. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा किंचित बारीक असते.

सकाळी चहा घेताना नानांना हे सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पाचर!"

अगदी बरोबर. हातकरवतीनं लांब फळी चिरताना चीर जवळ यायला लागली की सुतार मागे पाचर ठोकतो. नानांच्या वडिलांनी त्यांना हे दहाव्या वर्षी शिकवलं होतं. मोठा ओंडका दोघांनी चिरायचा, एक वर, एक खाली, आणि मागे पाचर सरकवत जायची. ही गोष्ट किती जुनी आहे त्याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या लहानपणात आहे. पंचतंत्रातली माकडाची गोष्ट! सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठोकून जेवायला जातात, माकड चिरेत बसून पाचर उपटतं आणि चिरडून मरतं. नसत्या उठाठेवीचं तात्पर्य सांगायला ती गोष्ट आहे खरी, पण मला आता ती कामाच्या ठिकाणच्या अपघाताची नोंद वाटते. चिरलेलं लाकूड मिटतं आणि पाचर ते थोपवते, हे ती गोष्ट रचणाऱ्याला माहीत होतं.

मग यंत्र आलं तेव्हा पाचर कुठे गेली?

गोल करवतीचं पेटंट इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या सॅम्युअल मिलरच्या नावावर आहे, साल १७७७. त्याच गावात वॉल्टर टेलर आरमाराच्या जहाजांसाठी कप्प्या बनवायचा, त्यानं गोल करवती कामाला लावल्या. पुढे पोर्ट्समाउथच्या गोदीत ब्रुनेलची यंत्रं आली आणि दहा माणसं एकशे दहा जणांचं काम करायला लागली असं लिहून ठेवलेलं आहे. (त्याच सुमाराला आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानी जहाजं बांधत होती. १८१७ साली इथून पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात तरंगतंय. असो.) अमेरिकेत १९३९ मध्ये डेल्टा कंपनीचा युनिसॉ आला, आजच्या टेबल सॉचा तो थोरला भाऊ.

हातात धरायच्या विजेच्या करवतीची गोष्ट मात्र मला फार आवडली. एडमंड मिशेल नावाचा माणूस, न्यू ऑर्लिन्सचा. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं म्हणे शेतात मजुरांना कोयत्यानं ऊस तोडताना पाहिलं आणि कोयत्याला मोटर लावता येईल का म्हणून खटपट सुरू केली. त्यातून विजेची करवत निघाली, १९२४ मध्ये कंपनी निघाली. प्रवरानगरच्या साखर कारखान्याच्या जिल्ह्यात बसून हे वाचताना गंमत वाटते. उसाला अजून कोयताच लागतो आणि मोटर सुताराकडे आली.

नगरमध्ये सुतारकी शाळेत शिकवायला लागले ते अमेरिकन मराठी मिशनमुळे. मिशन नगरात १८३१ पासून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर दिनशा पेटिट यांच्या नावानं उद्योगशाळा निघाली, तिथे सुतारकाम, धातुकाम शिकवत. १८९९-१९०० च्या दुष्काळात शेकडो पोरकी मुलं मिशनच्या आश्रयाला आली, त्यांच्या हाताला काहीतरी धंदा द्यायचा होता. मिशनकडे आलेल्यांत महार-मांग समाजातली मुलं पुष्कळ. जातीनं सुतार नसलेल्या मुलानं रंधा हातात धरायचा, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती. आमच्या घरात याबद्दल पूर्वी नाकं मुरडत असत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मला आता वाटतं की शाळेत शिकण्याचा एक फायदा आमच्यासारख्या पिढीजात सुतारांना कधी कळलाच नाही. बापाकडून शिकताना बापाला जेवढं माहीत तेवढंच मिळतं. हातकरवत, वाकस, पटाशी यांच्याबरोबर त्यांचे धोकेही आजोबांनी नानांना दिले. पटाशीच्या पुढे हात ठेवायचा नाही, वाकस चालवताना पाय कुठे ठेवायचा, चिरेत पाचर कधी मारायची. आणि वखारीतल्या चक्रीपुढे नाना उभे राहिले तेव्हा त्यांच्या वडिलांनी चक्री कधी चालवलेलीच नव्हती! शिकवणार कोण? शेजारचा मजूर. त्यालाही त्याच्या शेजारच्यानं.

बरं, कागदावर सगळं होतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात एकविसावं कलम फिरत्या यंत्राला कुंपण घालायला सांगत होतं. त्याखालच्या राज्याच्या १९६३ च्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांचं वेगळं परिशिष्ट होतं, त्यात गोल करवतीमागे तिच्याच रेषेत ही पट्टी हवी आणि लाकूड ढकलायला काठी हवी, असं लिहिलेलं होतं. म्हणजे नानांची बोटं जाण्याच्या पंधरा वर्षं आधी. पण कायद्याच्या मूळ व्याख्येत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा किंवा जास्त कामगार. नानांच्या वखारीत मालक धरून सात जण. इन्स्पेक्टर कधी आल्याचं नानांना आठवत नाही. १९२३ च्या नुकसान भरपाईच्या कायद्याचंही परिशिष्ट होतं. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईच्या ताकदीतली घट १४ टक्के, मधलं बोट पूर्ण गेलं तर १२ टक्के. बोटांचा असा भाव वाचताना मला कसंतरीच झालं, पण भाव होता तर खरा. नानांना तोही कुणी सांगितला नाही.

अमेरिकेत सगळं सुरळीत आहे असं समजू नका. तिथे टेबल सॉमुळे वर्षाला तीस हजारांच्या आसपास माणसं दवाखान्यात जातात असा सरकारी अंदाज कित्येक वर्षं सांगितला जात होता. १९९९ मध्ये स्टीफन गॅस नावाच्या वकिलानं (भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, छंद सुतारकीचा) असं यंत्र बनवलं की पात्याला कातडी लागली की विजेतला फरक ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आसपास थांबतं. कंपन्यांनी ते घेतलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच कंपनी काढली. २०१० मध्ये बॉस्टनला एका कामगाराचा खटला लागला. त्याचा हात अशाच पोर्टेबल टेबल सॉवर गेला होता आणि झाकण-पट्टी त्यानं लावलेली नव्हती. ज्युरीनं त्याला पंधरा लाख डॉलर द्यायला लावले, आणि ३५ टक्के दोष त्याचा स्वतःचा ठरवला.

पस्तीस टक्के. हा आकडा नानांना सांगितला तर ते हसले. म्हणाले, "मी पुरते शंभर धरत होतो की रे."

त्यानंतर मशीन पहिल्यापासून परत जोडलं. नातू थोडा कुरकुरला, पण आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसल्यावर काय बोलणार. आधी वायर काढून बाजूला ठेवली. पातं टेबलातल्या खाचेला समांतर आहे का ते पुढच्या आणि मागच्या बाजूला एकाच दातापाशी मोजलं. एका केसाचा फरक होता, तो काढला. मग लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं ती आडणी पात्याला समांतर केली. तिचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असेल तर लाकूड मागच्या दातांत ढकललं जातं, म्हणजे पट्टी असून नसल्यासारखी. पट्टी बसवली आणि नानांनी पात्यावर गुण्या टेकवून ती रेषेत आहे का पाहिलं. पात्याची उंची लाकडाच्या वर दाताएवढीच ठेवायची. हातमोजे घालायचे नाहीत, दात मोजा पकडून हात आत ओढतात. डोळ्याला चष्मा. आडणी आणि आडवं कापायची सरकपट्टी दोन्ही एकदम वापरायच्या नाहीत, तुकडा मध्ये अडकतो. आणि पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडे सरकून.

खटक्याची एक गोष्ट नानांना फार पटली. लाईट गेली की ह्या मशीनचा खटका आपोआप पडतो, लाईट आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय पातं फिरत नाही. भारनियमनाच्या दिवसांत उलट्या कटरवर हात ठेवून लाईटची वाट बघणारी पोरं ज्यानं पाहिली आहेत त्याला याची किंमत कळते.

झाकणावरून मात्र थोडं वाजलं. उथळ खाच पाडायची असेल तेव्हा ते काढावंच लागतं, हे पोराचं म्हणणं खरं होतं. पट्टी पात्याच्या माथ्याच्या जरा खाली बसवता येते, त्यामुळे खाच पाडतानाही ती राहू शकते. तेव्हा झाकण कामापुरतं निघेल, पाचर निघणार नाही, असं ठरलं. ते तिला पाचरच म्हणायला लागले होते.

दुपारी पहिली फळी चिरली. सागाची, चार फुटी. निम्म्याच्या पुढे गेल्यावर चीर खरंच मिटायला लागली, पट्टीला दोन्हीकडून घासल्याचा बारीक आवाज आला आणि फळी मुकाट पुढे सरकत राहिली. नाना खुर्चीतून उठून वाकून बघत होते. मशीन बंद झाल्यावर त्यांनी बाभळीचा एक तुकडा मागून घेतला, पुढे खाच, मागे मूठ अशी ढकलकाठी पटाशीनं तासली, भोक पाडलं आणि सुतळीनं मशीनच्या पायाला बांधली. डावीकडून बांधलेली बघून पोरगं म्हणालं, "आजोबा, मी उजवा आहे." तेव्हा सोडून उजवीकडे बांधली.