सोशल व्हिज्युअलायझेशन म्हणजे काय? ग्रुपचा चार्ट काढण्याआधी हे वाचा

ऑनलाइन गप्पांमध्ये कोण, कधी, किती आणि कोणाशी बोलतं हे चित्रातून दाखवणं म्हणजे सोशल व्हिज्युअलायझेशन. त्यासाठी लागणारा डेटा तुमच्या फोनमध्येच आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या मेनूत 'एक्सपोर्ट चॅट' दाबा, मीडिया नको म्हणा. तारीख, वेळ, नाव, मेसेज अशी टेक्स्ट फाइल मिळते. पायथॉन येत असेल तर तासाभरात बार चार्ट तयार.

मीही काढला होता, सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा. सर्वात उंच बार एका काकांचा निघाला. झालं, दोन दिवस सगळ्यांनी त्यांची खेचली आणि काकांनी मेसेज टाकणंच बंद केलं. मग लक्षात आलं की त्यांचे बहुतेक मेसेज 'पाणी आलं', 'आज उशिरा येणार' असे होते. त्या आठवड्यात काही जणांच्या टाक्या कोरड्याच राहिल्या. चूक माझ्या चार्टची.

बार चार्ट मेसेज मोजतो, त्यांचा उपयोग नाही. त्यात ती फाइलही अर्धवट असते. कोणी कोणाला रिप्लाय दिला, कोणी अंगठा दिला, कोणी वाचलं, यातलं काहीच तिच्यात येत नाही. रोज सगळं वाचून गप्प बसणाऱ्या आजींचा बार शून्याचाही नसतो, त्यांचं नावच नसतं.

हा प्रश्न जुना आहे. एमआयटी मीडिया लॅबमध्ये फर्नांडा व्हिएगास आणि ज्युडिथ डोनाथ यांनी १९९९ मध्ये 'चॅट सर्कल्स' मांडलं. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक रंगीत गोल. बोललात की गोल मोठा होतो, मग हळूहळू विरत जातो. गप्प बसलेल्याचा गोलही पडद्यावर राहतोच. आणि वाचता येतं ते फक्त जवळच्यांचं. लांबच्यांचे नुसते गोल दिसतात. लग्नाच्या हॉलमध्ये असतं ना, अगदी तसं.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. नावं काढा आणि वेळ दाखवा. आडवे २४ तास, उभे सात वार, जास्त मेसेज तिथे गडद रंग. हा झाला हीटमॅप. एकाच रंगाच्या छटा वापरा, लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे वार घेतले तर सगळंच फिकट पसरलं. वारांऐवजी तारखा घेतल्यावर पट्टे स्पष्ट दिसले.

फाइल साफ करताना दोन गोष्टी नडतात. लांब मेसेजच्या दुसऱ्या ओळीला तारीख नसते, ती आधीच्या मेसेजला जोडा. 'अमुक ग्रुपमध्ये आले' असल्या ओळी काढून टाका.

आणि ही फाइल कुठल्याही 'चॅट अ‍ॅनालायझर' साइटवर चढवू नका. सेव्ह नसलेल्या मेंबरचा पूर्ण नंबर तिच्यात असू शकतो. काम स्वतःच्या लॅपटॉपवर करा, तेही ग्रुपला विचारून. मी पहिल्यांदा विचारलं नव्हतं.

नवा हीटमॅप आधी काकांना दाखवला. त्यांनी लगेच पकडलं, "अरे, या तारखेला तर पाणीच नव्हतं, मग इथे एवढं गडद कसं?"

त्या दिवशी सगळेच विचारत होते, पाणी कधी येणार म्हणून.