ग्रंथालय राजकीय असते का? गश्ती निशाण ५३ आणि अंबाजोगाई

१/ ग्रंथालयाचा वार्षिक समारंभ राजकीय असतो का? नवी व्यायामशाळा? वसतिगृहातली प्रार्थना? आज हे प्रश्न चमत्कारिक वाटतील. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र त्यांची उत्तरे अधिकारी देत असत आणि ती सर्वांना सारखी मिळत नसत. आजचा थ्रेड त्या उत्तरांविषयी.

२/ आधी स्थळ. आजची अंबाजोगाई तेव्हा सरकारी दप्तरात ‘मोमिनाबाद’ होती. ‘विवेकसिंधु’कर्ते मुकुंदराज यांची समाधी येथे, पासोडीवर लिहिणारे दासोपंतही येथलेच. मराठीतील आद्य ग्रंथाचा मान परंपरेने ज्या ग्रंथाला मिळतो, त्याच्या कर्त्याच्या गावी राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे मिळून बहुसंख्य होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

३/ १९२९ मध्ये सरकारने एक परिपत्रक काढले : ‘गश्ती निशाण ५३’. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशाण म्हणजे क्रमांक. या गश्तीने जाहीर सभांना पूर्वपरवानगीचे बंधन घातले. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही परवानगीची अशीच बंधने होती. वरवर पाहता ही केवळ नोंदणीची व्यवस्था. खरी मेख पुढे आहे.

४/ रोख राजकीय सभांवर होता. पण ‘राजकीय’ म्हणजे काय, याची नेमकी सीमा आखलेली नव्हती. ती सीमा अर्ज हाती घेणारा अधिकारी आखत असे. त्यामुळे अर्जदारापुढचा प्रश्न ‘नियम काय आहे?’ हा राहत नसे. ‘साहेबांना काय वाटेल?’ हा होऊन बसे. कठोर नियम माणसाला निदान कुंपण कोठे आहे ते दाखवतो. संदिग्ध नियमाचे कुंपण रोज नव्या जागी असते.

५/ परिणाम पाहा. हैदराबादच्या प्रजेच्या प्रश्नांवर राजकीय परिषदा भरल्या त्या काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) येथे. यांतील एकही गाव संस्थानात नाही! स्वतःच्या घराविषयी बोलण्यासाठी शेजाऱ्याच्या ओसरीवर जावे लागत होते. पहिल्या तीन परिषदा तर गश्ती ५३ च्या आधीच्या आहेत. म्हणजे त्या गश्तीने जुन्याच धाकाला कागदी रूप दिले.

६/ संस्थानाच्या आत उरले ते ‘निरुपद्रवी’ विषय : शिक्षण, वाचनालये, मातृभाषा, समाजसुधारणा. आंध्र महासभा (जोगीपेठ, १९३०) आणि महाराष्ट्र परिषद (परतूर, १९३७) याच वाटेने उभ्या राहिल्या. शाळा मातृभाषेतून असावी, ही मागणी शैक्षणिक की राजकीय? उत्तर ऐकणाऱ्यावर अवलंबून होते.

७/ आता पुन्हा अंबाजोगाई. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ येथे आले आणि योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. वर्ग, वसतिगृह, खेळ, प्रार्थना : दिनक्रमात आक्षेपार्ह असे काहीच नाही. तरीही याच मंडळींतून पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते आणि कार्यकर्ते निघाले.

८/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रामाणिक राहिले पाहिजे. ‘बिचारी निरागस शाळा आणि विनाकारण संशयी सरकार’ हे चित्र सोपे आहे, पण अपुरे आहे. सरकारचा संशय निराधार नव्हता. मात्र ज्या व्यवस्थेत सभेला, पक्षाला, वृत्तपत्राला मोकळी वाट नसते, तेथे राजकारण वाचनालयात आणि वर्गातच येऊन बसणार. निरुपद्रवी गोष्टींना राजकीय अर्थ चिकटला, तो बऱ्याच अंशी बंदीमुळेच.

९/ विसंगतीचा कळस १९३८ मध्ये झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेस विधिवत स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये बेकायदा ठरली. तिच्यावर जातीयतेचा ठपका होता. त्याच वेळी धर्माच्या नावाने संघटित झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन उघडपणे काम करत होती. कसोटी जातीयतेची असती, तर ती दोघांनाही लागली असती. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. शाळा सोडून आलेले स्वामीजी त्याच महिन्यात तुरुंगात गेले.

१०/ नोव्हेंबरमध्ये ठिणगी वसतिगृहांत पडली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्याला मनाई झाली, संप झाला, विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतील अनेकांना कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. संस्थानात जे गीत शिस्तभंग ठरले, ते सीमेपलीकडे काँग्रेसच्या सभांमधून राजरोस गायले जात होते.

११/ दुसरी बाजूही नोंदवू. या गीतावर अनेक मुस्लिमांचा आक्षेप होता. म्हणूनच ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सभांमधून त्याची पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले होते. म्हणजे ‘निरुपद्रवी’ हा शब्दही सर्वांना सारखा नसतो. फरक रीतीत आहे. एका ठिकाणी आक्षेप ऐकून, चर्चा करून मर्यादा ठरली. दुसरीकडे हुकूम निघाला आणि विद्यार्थ्यांचे वर्ष गेले.

१२/ स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आज स्वामीजींचे नाव आहे. ज्या गावात त्यांच्या शाळेकडे संशयाने पाहिले गेले, तेथे आता त्यांचे नाव शासनाच्याच पाटीवर आहे. एका कारकिर्दीतला उपद्रव दुसऱ्या कारकिर्दीत आदर्श ठरतो, तो असा.

१३/ शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाकारलेल्या अर्जाची निदान फाईल असते. परंतु ‘उगाच कशाला विषाची परीक्षा?’ म्हणून जो अर्ज कोणी केलाच नाही, जे व्याख्यान ठरलेच नाही, जे वाचनालय उघडलेच नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. मनमानी परवानगीची खरी किंमत त्या कोऱ्या जागेत आहे आणि अभिलेखागारात ती मोजता येत नाही.

१४/ म्हणून एक विनंती. आपल्या गावी जुने वाचनालय, तालीम किंवा शाळा असेल, तर तिची इतिवृत्ते, पावत्या, निमंत्रणपत्रिका रद्दीत जाऊ देऊ नका. छायाचित्रे काढून ठेवा, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्या. सरकारी दप्तर आपल्याला कोणाला परवानगी मिळाली ते सांगेल. लोकांना काय म्हणायचे होते, ते या कागदांतच सापडेल.