रोगाचें जन्मगांव

१९७७ सालीं क्योटो येथील ताकात्सुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्ताच्या एका नव्या कर्करोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. रोगी अवघे १६. लसिकाग्रंथि सुजलेल्या आणि कित्येकांच्या त्वचेवर चट्टे व गांठी. मर्माची गोष्ट अशी कीं, त्यांपैकीं १३ जण दूर दक्षिणेकडील क्यूशू बेटावर जन्मलेले होते! रोगालाही जन्मगांव असतें काय?

१९८० सालीं अमेरिकेंत गॅलो यांच्या प्रयोगशाळेस, त्वचेच्या लसिका-कर्करोगानें पीडित अशा एका रोग्याच्या पेशींत, एक विषाणु सांपडला. पुढल्याच वर्षीं हिनुमा यांनीं जपानी रोग्यांच्या रक्तांत विषाणूची खूण दाखविली; दोन्ही विषाणु एकच ठरले. त्यानें बिघडविलेल्या लसिकापेशीच त्वचेंत उतरत होत्या.

गांवाचें कोडें मात्र घरांत सुटलें. मुख्यतः आईच्या दुधावाटे तो बाळाकडे जाई. रोग उद्भवे तो कित्येक दशकांनीं, आणि तोही थोड्यांनाच. म्हणून १९८७ पासून नागासाकींत बाधित मातांना स्तनपान टाळण्याचा सल्ला देण्यांत येऊं लागला. दीर्घकाळ अंगावर पिणाऱ्या मुलांत संसर्ग शेंकडा २० च्या आसपास असे. वरच्या दुधावर वाढलेल्यांत तो ३ च्याही खालीं आला. पण स्वतः धडधाकट असलेल्या, पान्हा फुटलेल्या बाळंतिणीस हें सांगणें किती जड गेलें असेल!