काचेतला समुद्र आणि त्यातले बिऱ्हाडकरू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतण्याने एक काचेची टाकी पैदा केली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; गुणाकार केला तर नऊ घनफूट, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाणी. सोनमाशांवर त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. त्याला घरात समुद्र हवा होता, तोही प्रवाळाच्या खडकातला. "काका, मासे कोणते घ्यायचे तेवढं सांगा," असे म्हणून तो मोकळा झाला. आता माशांबद्दल आमच्या घराण्याचे ज्ञान ताटापुरते. "पापलेट," असे मी म्हणून पाहिले. पण ते कोणी मनावर घेतले नाही. तेव्हा पुस्तके उघडणे भाग पडले, आणि कळले ते असे, की हा पोरकट वाटणारा प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, व त्याचे उत्तर माणसाला फार मासे मारून सापडलेले आहे.

1845 साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. पुढच्याच वर्षी ॲना थिन नावाची बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असता तिथल्या प्रवाळांवर लुब्ध झाली आणि काही जिवंत नमुने घेऊन लंडनला परतली. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबेचा उपप्रमुख. त्या पवित्र परिसरात समुद्र कोठून यावयाचा? बाईने समुद्राचे पाणी बरण्यांत भरून ठेवले, आणि ते खराब होऊ नये म्हणून उघड्या खिडकीपाशी रोज अर्धापाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याचे काम मोलकरणीला लावून दिले. चहा निववतात तसे! पाण्यात हवा मिसळली, प्रवाळ जगले. मत्स्यालयाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव आहे. त्या मोलकरणीचे मात्र कोठे आढळत नाही. हवा घालणारे पहिले यंत्र तेच, असे म्हणावयास हरकत नाही.

खरी मेख सापडली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाला. 1849 साली त्याने काचेच्या भांड्यात दोन लहान सोनमासे सोडले व एक पाणवनस्पती लावली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने तो घ्यावा, असा हिशेब. काही दिवसांनी वनस्पतीची पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टनने पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी निवळले. मला या प्रयोगाचे मोठे कौतुक वाटते ते अशासाठी, की या गोगलगायी रूप पाहून आणलेल्या नव्हत्या. काम पाहून आणलेल्या होत्या. पुढच्या दीडशे वर्षांत शौकिनांनी हा धडा पुन्हा पुन्हा विसरून दाखवला.

विसरण्यास सुरुवात लवकरच झाली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉसचे 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले, आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याचे वेडच पसरले. माणसे आगगाडीने किनाऱ्यावर जात, खडकांतली डबकी उपसून आणत, आणि दिसेल तो जीव एकाच भांड्यात कोंबत. खेकडा शेजाऱ्याला खाई, मेलेला शेजारी पाणी नासवी. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली आपल्या आठवणी लिहिल्या. बापाच्या पुस्तकाने लोकांना ज्यांची गोडी लावली ती डबकी लोकांनीच पार धुऊन नेल्याची खंत त्यात आहे.

त्या काळी जे थोडे मासे जगले त्यांच्या जगण्यातही एक कारण होते. ओहोटीच्या डबक्यातला मासा मुळातच सोसणारा. डबके उन्हाने तापते, पावसाने अळणी होते, रात्री गार पडते. हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. प्रवाळखडकातला मासा तसा नव्हे. त्याच्या समुद्राची ऊब आणि खारटपणा वर्षभर फारसा हलत नाही. हे राजबिंडे पाहुणे दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने, प्लास्टिकच्या पिशव्यांतून गावोगाव जाऊ लागले, तेव्हा ते थव्याने मेले. शिवाय 1960 नंतर फिलिपीन्समध्ये त्यांना पकडण्यासाठी प्रवाळांच्या फटींत सायनाइडच्या पिचकाऱ्या मारण्याची रीत पडली. मासा गुंगून हाती येई. तो पुढे किती दिवस जगेल हे घेणाऱ्याच्या नशिबावर, आणि मागे राहिलेल्या प्रवाळाची तर गोष्टच बोलू नये.

या अंधारात एक दिवा लागला तो जकार्तात. 1961 साली ली चिन एंग या गृहस्थाने एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली. त्याने समुद्रातून जिवंत जीवजंतूंसकट खडकच उचलून टाकीत ठेवले, ऊन येऊ दिले, थोडी हवा सोडली, आणि पाणी निवळ राहिले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, तो विषारी. खडकातले सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. वॉरिंग्टनच्या गोगलगायींचेच हे अदृश्य भाऊबंद. पण हे जंतू वाढावयास काही आठवडे लागतात. तेवढा धीर नसलेल्यांनी सुरुवातीला चिवट डॅमसेल मासे सोडण्याचा प्रघात पाडला. ते जगत, आणि मग टाकीचे मालक होऊन बसत. मागाहून येणाऱ्याला ते कोपऱ्यात गाठून मारीत.

आपल्याकडे कायदाही पाहिला पाहिजे. प्रवाळ व समुद्रघोडे यांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ असोत की लक्षद्वीपचे, ते तोडून घरी आणणे गुन्हा आहे. म्हणून आमच्या टाकीत साधा कोरडा खडक रचला, आणि त्यावर जंतू धरेपर्यंत सहा आठवडे रिकामे पाणी पाहत बसलो. वहिनींनी या काळात "मासे अदृश्य जातीचे आहेत का?" असे दोनदा विचारले.

मग निवड. पुतण्याला सर्वांत आधी हवा होता तो सिनेमातला निळा ब्लू टँग. दुकानात तो बोटाएवढा दिसतो. वाढला की सुमारे तीस सेंटिमीटर होतो, आणि दिवसभर मैदानभर पोहतो. रद्द. फुलपाखरू मासा? त्याच्या बऱ्याच जाती केवळ प्रवाळाचे जीव कुरतडून जगतात. आमच्याकडे तो उपाशी मरणार. मँडरिन तर पैठणीच्या काठासारखा. पण तो खडकावरचे बारीक जिवंत किडे सतत टिपणारा, नव्या टाकीत त्याची आठवड्याचीही शिधासामग्री नसते. लायनफिशच्या तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. एकेक देखणे स्थळ असे नाकारताना पोराचा चेहरा उतरत गेला.

उरले ते विदूषक मासे. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही, आणि त्यांची पैदास घरी-कारखान्यांत होऊ लागून आता अर्धशतक झाले. आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनेही ती रीत बसवली आहे. यांचे गृहजीवन मोठे विलक्षण. जन्मतः सगळे नर. घोळक्यात सर्वांत मोठा होईल तो मादी बनतो, आणि ती मेली की तिचा नवरा तिच्या जागी चढतो. 1977 साली हे 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हा जोडी ओळखण्याची दगदग नको, लहानमोठे दोन आणले की संसार आपोआप लागतो.

दुसरी जोडी बँगाई कार्डिनलची. 1933 साली शास्त्राला कळलेला हा रुपेरी-काळा मासा इंडोनेशियातल्या बँगाई बेटांच्या परिसरातला. नर सुमारे महिनाभर अंडी-पिल्ले तोंडात धरून उपाशी राहतो. 1990 नंतर त्याची एवढी पकड झाली, की 2007 साली तो धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. म्हणून टाकीत जन्मलेलाच घ्यावयाचा, असे दुकानदाराला आम्ही तीनदा बजावले. आणि एक गोबी, आपल्या खाडीतल्या निवटीचा नातलग. तो वाळू चाळीत बसतो.

आधी गोबी सोडला, पंधरा दिवसांनी कार्डिनल, सर्वांत शेवटी विदूषक, कारण आधी आलेला बिऱ्हाडकरू जागेवर हक्क सांगतो आणि विदूषक तसा भांडखोर. "एवढ्या मोठ्या टाकीत पाचच?" असे पुतण्या पुटपुटला. मग त्याने फूटपट्टी आणली, काचेवर तीस सेंटिमीटर मोजून ब्लू टँग तेथे मनाने ठेवून पाहिला, आणि न बोलता फूटपट्टी दप्तरात टाकली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी टाकीचा दिवा लावला तेव्हा गोबी वाळूखाली दडून बसला होता, आणि तो कोठे आहे ते शोधण्यात सगळी मंडळी फराळ विसरली.